उकंडाजी आणि राणीचा दगड

उकंडाजी दगड चाटून त्याचं वय सांगत असे.

हसू नका. मीही आधी हसलो होतो. रस्त्यानं चालता चालता हा माणूस मध्येच उकिडवा बसायचा, एखादा दगड धोतराच्या सोग्यानं पुसायचा, त्याला जिभेचं टोक लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "पाच-सहा पिढ्या झाल्या असतीन. खारट हाय. लमाणाईच्या बैलावरची मिठाची गोणी फाटली असन इथं." दुसरा चाटून म्हणायचा, "हा कोवळा हाय, याच्यात काई राम नाई." त्यातलं खरं किती आणि भाकड किती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. या माणसाच्या बाबतीत माझं डोकं कायमचं गोंधळलेलं आहे. लिहून पाहतो, काही उलगडलं तर बरं.

मी बोरी अरबचा गिरणीवाला. गावातली पहिली पिठाची गिरणी माझी. चौपन्न-पंचावन्न साली इंजिन आणलं, धुराड्यावर डबा बांधला, टुकटुक सुरू झाली आणि बाया डोक्यावर टोपल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. उकंडाजीचा धंदा जात्या-पाट्याला टाकी लावायचा. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग दाणा नुसता घरंगळतो. छिन्नी-हातोडीनं त्यावर परत खाचा पाडाव्या लागतात. त्या खाचा म्हणजे टाकी. आता गिरणी आल्यावर घरात जातं फिरवणार कोण? म्हणजे मी आलो आणि त्याचा धंदा बसला. इंजिन सुरू झालं त्या सकाळी हा माणूस हातोडी घेऊन दारात उभा राहिला. वाटलं, घालतो आता टाळक्यात.

तो सरळ आत आला, गिरणीचा नवाकोरा दगड चाटला आणि म्हणाला, "पोरगी हाय अजून. चार दिसात भोथी होईन. हिले टाकी कोण लावन?"

घ्या! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गिरणी झाली तरी शेवटी तीही दगडच की. त्या दिवसापासून उकंडाजी माझ्याकडे लागला आणि गिरणीमागच्या, आमच्याच अंगणातल्या सपरीत राहायला आला.

त्याआधी तो बायकोबरोबर गावोगाव फिरायचा, तिकडं मुकुटबनपासून इकडं दारव्ह्यापर्यंत. बायजा तिचं नाव. ती पुढं, डोक्यावर गाठोडं. हा मागं, खांद्यावर हत्यारांची झोळी. "टाकी लावा वो, जात्याले पाट्याले" ही आरोळी तीच द्यायची, आणि अशी द्यायची की झोपलेली पोरं उठून बसत. उकंडाजीला ओरडायची लाज. मग बायजा तापानं गेली, इथंच, बोरीत. त्यानंतर तो बोरी सोडून कुठं गेला नाही. मी एकदा का म्हणून विचारलं तर म्हणाला, "बोंबलल्याबिगर टाकीवाला आला हे कोणाले समजन, भाऊ?" बस. बायजाचा विषय संपला.

रिकामा हात वाईट. गिरणीची टाकी आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस हा करणार काय? मी पोत्यांवर काळ्या रंगानं नावं घालायचो, ते टक लावून पाहायचा. पाहता पाहता अक्षरं शिकला. आणि अक्षरं आल्यावर माणसं जे करतात ते न करता, म्हणजे पोथी न वाचता, त्यानं एकदम लिहायलाच घेतलं. गावाचा इतिहास. दगडावर.

"कागदावर लिही ना लेका," मी म्हणालो, "वही देतो."

"कागदाले वाळवी, माणसाले इसर. दगडाले काय होते?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "नोंद झाली पाह्यजे." कुठं काही घडलं, अगदी कोणाची बकरी विहिरीत पडली, तरी हा हातोडी शोधायला लागायचा. "नोंद झाली पाह्यजे, भाऊ."

आणि नोंदी तरी कशा! छिन्नीला मनगट दुखतं, म्हणून वाक्यं आखूड. गावाच्या विहिरीच्या काठावर: 'पाटलाची छत्री यात पडली. निघाली नाही.' नाल्याच्या वाटेवर: 'इथं वाघ आला होता. परत गेला.' माझ्याच गिरणीच्या पायरीवर, मला न विचारता: 'गिरणी आली. जातं गेलं.' सकाळी दार उघडलं आणि माझं टाळकंच सरकलं. ही काय जाहिरात झाली? बाया वाचत नव्हत्या म्हणून निभावलं.

शाळेच्या पायरीवर त्यानं कोरलं: 'गुरुजी दुपारी इथं झोपतात.' मग मात्र गावात रण पेटलं. आमचे गुरुजी अमरावतीला शिकलेले, शुद्ध बोलणारे, शुद्ध चिडणारे. ते गिरणीत येऊन म्हणाले, "हा इतिहास आहे? ही बदनामी आहे!"

उकंडाजी शांत. "झोपत नाई का तुमी?"

"प्रश्न तो नाही!"

"मंग कोन्ता हाय?"

शेवटी गुरुजींनी त्या पायरीवर पाण्याचा माठ ठेवला, अक्षरं झाकली. माठ पाझरून खाली शेवाळ धरलं, आणि उकंडाजीनं कोपऱ्यात नवी ओळ घातली: 'माठ ठेवला.'

गावच्या शिवेवर एक मोठा दगड उभा करून त्यानं सुरुवात केली होती, 'गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, राज्य मध्यप्रदेश.' हातोडी खाली ठेवतो न ठेवतो तोच खबर आली, आपण मुंबई राज्यात गेलो. त्यानं शेवटचे शब्द ठोकून पुसले आणि 'मुंबई' घातलं. चार वर्षं झाली तर महाराष्ट्र. परत पुसलं. "सरकारनं आधी आपसात ठरवावं, मंग मले सांगावं," तो माझ्यावरच खेकसला, जसा काही मीच मंत्री. पुसून पुसून तिथं एवढा खळगा पडला की त्यात पावसाचं पाणी साचतं आणि कुत्री पितात. आपण कोणत्या राज्यात आहोत हे मलाही त्या दिवसांत चटकन सांगता येत नसे, ते वेगळं.

त्याचा खरा वैरी मात्र शेंदूर. माळावरचे, ओढ्यातले जुने दगड हा खांद्यावरून आणायचा आणि सपरीसमोर मांडायचा. आडवा दगड आडवा राहतो. पण बोरीत दगड उभा केला की दुसऱ्या दिवशी त्याला हळदकुंकू, तिसऱ्या दिवशी तेल, आणि येत्या शनिवारी शेंदूर. मग हा नारळाची शेंडी घेऊन घासत बसायचा आणि पुटपुटायचा, "अक्षर मेलं. शेंदूर लागला का अक्षर मेलं." एकदा एका म्हातारीवर ओरडला, "अवो माय, हा देव नाई, मैलाचा दगड हाय!" म्हातारी नारळ फोडत म्हणाली, "असन बापा. पन पावते."

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट मला खटकायची. विहीर आली, वाघ आला, गुरुजींची झोप आली, बायजा कुठंच नव्हती. एकदा मी विचारलंच. "उकंडा, सारं गाव ठोकलंस. बायकोचं नाव कुठं आहे?"

तो असा चिडला की मी दचकलो. "इतिहासात घरचं मानूस घालू नये. लोक म्हंतीन, बायको होती म्हून लेहलं. मंग बाकीचं बी खोटं होते." मी म्हटलं, जाऊ द्या, विद्वान माणूस आहे.

आता मुख्य गोष्ट.

दारव्ह्याच्या रस्त्यावर नाल्यावर पूल बांधायचं निघालं. ठेकेदाराचा मुकादम मजूर घेऊन आला आणि गिट्टीसाठी दगड शोधू लागला. नाल्याच्या काठी आयता ढीग पडला होता, गावच्या जात्यांचा. गिरणी आल्यावर बायांनी जाती घराबाहेर काढली होती. पण जातं म्हणजे लक्ष्मी, ते उकिरड्यावर फेकत नाहीत. हळदकुंकू वाहून, पाया पडून नाल्याच्या काठी नेऊन ठेवतात. आणि एकदा असा निरोप दिला की ते जातं परत कोणाच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तर हा ढीग मुकादमाला दिसला. पंचायतीनं हो म्हटलं, घण पडायला लागले.

उकंडाजी रोज तिथं जायचा. जाती फुटताना पाहायचा. एके सकाळी मी गिरणी चालू करतो आहे तोच पोरं ओरडत आली, "उकंडाजी दगडावर बसला! उठून नाई राह्यला!"

जाऊन पाहतो तर हा एका जात्याच्या खालच्या दगडावर मांडी घालून बसलेला, समोर घण खांद्यावर घेतलेला मजूर, आणि मुकादम कपाळाला हात लावून. "मैं क्या करूं, शेठ? बोलतो, रानीचा दगड हाय."

"कोणाचा?"

"रानीचा," उकंडाजी म्हणाला. "लय जुना हाय. यावर लेहलेलं हाय. रानीच्या हातचं. हा फोडला तं गावाचा इतिहास गेला."

मी वाकून पाहिलं. दगडावर वेड्यावाकड्या, तिरप्या रेघा होत्या. मला तर कोंबडीनं उकरल्यासारखं दिसलं. "कोणती राणी? कुठली?"

"ते पाहा लागन."

"मग उचल आणि सपरीत नेऊन पाहा."

"निरोप देल्लं जातं हाय. वहिनी घरात येऊ देतीन का?"

खरं होतं. आमच्या मंडळीनं मला आणि जात्याला दोघांनाही अंगणाबाहेर काढलं असतं. आणि मुकादमही अडून बसला: नाल्यातला एक दगड सोडला तर उद्या प्रत्येक जण आपापली राणी घेऊन येईल. गावानं सांगावं, ही राणी आहे का नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहतो, मग घण.

एक गोष्ट मला तेव्हाच चमत्कारिक वाटली. इतका जुना दगड, पण उकंडाजीनं तो चाटला नव्हता. नुसता तळवा ठेवून बसला होता.

दुपारी पारावर वाचन झालं. चौघांनी दगड उचलून आणला. आधी गुरुजी. चष्मा पुसला, बोटानं रेघा चाळल्या आणि, शाळेच्या पायरीचा राग विसरून, हळूच म्हणाले, "मोडी असावी. फार जुनी. हा बहुधा 'श्री' आहे." मग सायकलीवाले हुसेनभाई आले. त्यांनी दगड उलटा फिरवला. "अरे मास्टर, ये तो अरबी लिखाई है! बोरी अरब नाम ऐसेच पडा क्या?" तेवढ्यात लमाणांच्या तांड्याचे नाईक बाजारातून परतताना थांबले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कायची मोडी अन् कायची अरबी! आमच्या याडीच्या हातावर असंच गोंदन होतं. आमची मायच हाय हे." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

झालं! तिघं तिन्ही बाजूंनी दगडाला धरून बसले. प्रत्येकाला स्वच्छ वाचता येत होतं, मलाच तेवढं काही येत नव्हतं. मी उकंडाजीकडे पाहिलं. हा गावाचा इतिहासकार, वाद घालायला नेहमी एका पायावर तयार, तो पाराच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. कोणी काही विचारलं की, "हाव, तसंबी असन," एवढंच.

मुकादमाला एवढंच कळलं की हा दगड फोडला तर गुरुजी, हुसेनभाई आणि अख्खा तांडा असे तिन्ही लोक त्याच्या अंगावर येणार. "ठेवा बावा तुमची रानी," तो म्हणाला आणि दुसरी जाती फोडायला गेला. पण जाता जाता बोलला, पुलाला गिट्टी कमी पडली तर मी परत येईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड पाराला टेकून उभा, आणि वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखलेला. आता संपलंच. शेंदूर लागलेल्या दगडावर घण घालणारा मजूर अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही. दुपारपर्यंत बाया ताटं घेऊन आल्या. 'राणीमाय' असं नावही पडलं. मी मनात म्हटलं, आता उकंडाजी नारळाची शेंडी घेऊन धावतो आणि मार खातो.

तो गिरणीत आला, टाकीचा दिवस होता. मुकाट दगड उतरवला, छिन्नी धरली. त्याच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, नखांच्या मुळापर्यंत शेंदरी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची मंडळी आली, हातात हळदकुंकवाचं ताट, आणि हसू आवरेना. "अवो, राणीमायच्या पाया पडायले गेलती मी. ते तं आपलंच जातं! काठावर टवका उडाला नव्हता का, तुमच्या हातून पडलं तवा? राणी कायची, त्या टाक्या बायजाच्या! उकंडाजीचं मनगट सुजलं होतं तवा तिनंच लावल्या. डावखुरी होती बाई. साऱ्या टाक्या उलट्या. पीठ असं जाडंभरडं निघे का मी तिले..."

मग तिला उकंडाजी दिसला. पदर तोंडाला लावून ती तशीच मागच्या दारानं निघून गेली.

इंजिन बंद होतं. मला वाटतं, मी जरा रागावलोही होतो; तिघे शहाणे दुपारभर एका टाकीवालीच्या चुका वाचत बसले होते आणि मी त्यात उन्हात उभा होतो. म्हणालो, "उकंडा, तू तर म्हणतोस दगड खोटं बोलत नाही."

"दगड कुटं बोलला?" तो खाली बघतच म्हणाला. "मी बोललो."

त्यानं हात थांबवला.

"तिनं लय जात्याईले टाकी लावली, भाऊ. कधी माहा हात दुखे, कधी ताप असे. पन टाकी म्हंजे काय, दळून दळून झिजते. चांगली लावली तं लवकर झिजते, बाया रोज दळतेत ना. तिची सारी झिजली. मी पाहत होतो, नाल्यावर एक एक जातं उलटून. हेच एक निघालं. पीठ जाडं येते म्हून वहिनीनं वापरलंच नाई, म्हून राह्यलं."

"मग सांगायचं होतंस. बायजाचं आहे म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, नवल वाटल्यासारखं. हा गिरणीवाला इतका कसा येडा, असं.

"टाकीवालीचा दगड हाय म्हटलं असतं, तं ठेवला असता का कोनी?"

मीही नसता ठेवला. माझंच जातं होतं ते, आणि मीच बैलगाडीतून नाल्यावर टाकून आलो होतो.

त्या शेंदरी बोटांनी त्यानं परत छिन्नी धरली. बाहेर पारावर घंटी वाजत होती. कोणी तरी राणीमायच्या नावानं नारळ फोडला. उकंडाजी कान देऊन ऐकत होता. अन् मग एकाएकी हसला, डोळे भरलेले तसेच.

"ह्याच बाया," तो म्हणाला, "शिव्या देत होत्या तिले."

पुढं पूल झाला, गिट्टी पुरली. उकंडाजीनं पुलाच्या कठड्यावर 'पूल झाला' एवढं कोरलं आणि पुन्हा वाघांच्या आणि छत्र्यांच्या मागं लागला. पारावरच्या दगडाबद्दल त्यानं एक अक्षर कुठं कोरलं नाही. गुरुजींनी त्या मोडीवर एक लेख लिहायला घेतला होता, तो पुरा झाला का मला माहीत नाही. आमच्या मंडळीला मी एकदाच दटावून सांगितलं, कोणाजवळ बोलू नको. ती उलट माझ्यावरच चढली: "मी काय येडी हाय?" दर शनिवारी ती तेल घेऊन पारावर जाते, आणि बाकीच्या बायांपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहते.

मी देवभोळा नाही. पण दारव्ह्याला जाताना पारावरून जावं लागतं, आणि तिथं आलं की हात आपोआप जोडले जातात. कोणाला जोडतो, ते कोणी विचारलं तर मी राणीला म्हणून सांगतो.